गिटारशेजारी तबला

बालदोस्तांनो, ‘रॉक बँड’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? धडाधड वाजणारे ड्रम, किंचाळणारी गिटार आणि कळायच्या आत पुढे पळणारे इंग्रजी शब्द! आईबाबांच्या कपाळावर तर लगेच आठ्याच. पण आज मी तुम्हांला अशा एका बँडची ओळख करून देणार आहे, ज्यात गिटारशेजारी चक्क तबला वाजतो. बँडचं नाव ‘इंडियन ओशन’ आणि गाव दिल्ली.

१९९० मध्ये सुश्मित सेन आणि असीम चक्रवर्ती या दोघांनी तो सुरू केला. सुश्मित यांची गिटार ऐकताना मध्येच सरोद वाजतोय की काय, असं वाटतं. असीमदा तबला वाजवता वाजवताच गात. सोपं वाटतं? एका हाताने डोक्यावर टपल्या मारा, दुसरा हात पोटावर गोल फिरवा आणि वर कविता म्हणा. मग कळेल गंमत! १९९१ मध्ये बेस गिटार घेऊन राहुल राम आले, तर १९९४ मध्ये ड्रम वाजवणारे अमित किलम. अमित बंगालच्या बाऊल गायकांचं गबगुबी हे वाद्यही वाजवतात.

यांना गाणी सुचतात कुठून? राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते. तिथे नदीकाठच्या माणसांकडून ऐकलेलं गाणं त्यांनी बँडमध्ये आणलं. तेच ‘मा रेवा’. रेवा म्हणजे नर्मदा, आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी. त्यांचं दुसरं प्रसिद्ध गाणं ‘कंदिसा’. ती आहे केरळातल्या सीरियन ख्रिस्ती लोकांची अरमाईक या प्राचीन भाषेतली प्रार्थना. नदीचं गाणं आणि चर्चमधली प्रार्थना २००० सालच्या एकाच अल्बममध्ये सुखाने नांदतात!

आता ध्वनिमुद्रणाकडे वळू या. स्टुडिओत बहुधा प्रत्येक वाद्य वेगवेगळं मुद्रित करतात. चूक झाली तर पुन्हा वाजवायचं, मग सगळं जुळवायचं. लेखी परीक्षेसारखं, खोडून पुन्हा लिहिता येतं. पण ‘डेझर्ट रेन’ हा त्यांचा अल्बम म्हणजे तोंडी परीक्षाच. १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत, नाट्यकर्मी सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात त्यांनी जे वाजवलं, त्याचाच हा अल्बम. तिथे ‘थांबा, पुन्हा घेतो’ म्हणायची सोयच नाही.

आणि घाई? मुळीच नाही. १९९३, १९९७ आणि २०००. पहिल्या दहा वर्षांत अल्बम फक्त तीन! दिल्लीच्या करोलबागेत खजूर रोडवर एक जुना बंगला होता. तिथे त्यांचा सराव चाले. वाजवायचं, मोडायचं, पुन्हा जुळवायचं.

२५ डिसेंबर २००९ रोजी असीमदा अचानक गेले. तोवर नव्या सात गाण्यांत त्यांचा आवाज मुद्रित झालेला होता. या गाण्यांचं काय करायचं? ती एखाद्या कंपनीला विकता आली असती. पण २०१० मध्ये बँडने ठरवलं, दर महिन्याला एक गाणं इंटरनेटवर ठेवायचं, ज्याला हवं त्याने फुकट घ्यावं. अल्बमला नाव दिलं त्या बंगल्याच्या पत्त्याचं, ‘१६/३३० खजूर रोड’. मग पोट कसं भरायचं? त्यासाठी मंचावरचे कार्यक्रम होतेच. गाणं मात्र आधी लोकांपर्यंत पोचलं पाहिजे, हा त्यांचा विचार.

पुढे असीमदांच्या जागी एकाला नव्हे, दोघांना घ्यावं लागलं. तबल्याला तुहीन चक्रवर्ती आणि गायला हिमांशू जोशी. २०१३ मध्ये सुश्मितही बाहेर पडले, तरी बँड थांबला नाही. २०२३ मध्ये त्यांचा ‘तू है’ हा अल्बम आला.

तर मित्रांनो, आपलं संगीत दुकानात तयार मिळत नाही. ते आजूबाजूला सांडलेलं असतं, फक्त वेचावं लागतं. या रविवारी एवढंच करा. आजीला तिच्या लहानपणचं एखादं गाणं म्हणायला सांगा आणि डब्यावर बोटांनी ठेका धरा. आणि पालकांनो, त्या वेळी ‘आवाज बंद करा’ असं ओरडू नका बरं का!