पहिली गोधडी शिवताय? दुपट्यापासून सुरुवात करा

गोधडी म्हणा की वाकळ, पहिल्याच खेपेला पलंगभर मोठी काढू नका. बाळाचं दुपटं शिवा, हात बसतो.

जुन्या सुती साड्या, सदरे, परकर घ्या. सिंथेटिक नको, ते सुईखाली सरकतं. नवं कापड असेल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर नंतर ते आटतं आणि गोधडी चुरमडते.

५ इंचाचे ४८ चौकोन कापा. पुठ्ठ्याचा साचा करा, कारण माप चुकलं की कोपरे जुळत नाहीत. पाव इंच शिवण धरून ६-६ च्या ८ ओळी जोडा. कडा दुमडल्यावर साधारण २७ बाय ३६ इंच भरतं. आत मऊ साडीचे दोन थर, खाली अस्तर.

आता सगळ्यात महत्त्वाचं: थर जमिनीवर ताणून पसरा आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. हे टाळलंत तर मध्ये फुगा येणारच. मग कडेपासून आत धावदोरा घालत या, ओळींत बोटभर अंतर ठेवून. दोरा ओढून घट्ट करू नका. टाके वाकडे आले तरी उसवू नका, हातशिलाईची खरी शोभा तीच!

झालं की फोटो नक्की टाका.