पोलिस ठाण्याची पायरी चढताना

नवऱ्यानं मारलं म्हणून पोलिसांकडे जाऊन आलेली बाई भेटली, की मी आधी तिच्या हातातला कागद बघते. ‘मी केस केलीय’, ती सांगते. कागद मात्र पुष्कळदा ‘एनसी’चा असतो. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिस तिचा तपास करू शकत नाहीत. बाई तपासाची वाट बघत बसते आणि काही होत नाही म्हटल्यावर नवऱ्याची भीड चेपते.

तपास सुरू होतो तो एफआयआरनं. पत्नीचा छळ हा १९८३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. ‘चारशे अठ्ठ्याण्णव अ’ हे कलम सर्वांच्या तोंडी होतं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ नं घेतली. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. नवरा-बायकोच्या प्रकरणात पोलिस आधी प्राथमिक चौकशी करू शकतात. पण ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून परत पाठवू शकत नाहीत. माहेरी आलेली बाई माहेरच्या गावी तक्रार देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. नोंद घेतलीच नाही तर पोलिस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवावा. तरीही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

तक्रारीत ‘तो नेहमी मारतो’ एवढं पुरत नाही. कधी, कुठं, कशानं, कोणासमोर, हे लागतं. म्हणून ठाण्यात जाण्याआधी मी चार-पाच घटना कागदावर लिहून काढायला सांगते. लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना खरं कारण सांगावं. ‘न्हाणीघरात पाय घसरला’ असं लाजेखातर सांगितलेलं केसपेपरवर उतरतं आणि पुढे समोरचा वकील नेमकं तेच वाचून दाखवतो. मोबाइलवरचे धमकीचे मेसेज पुसू नयेत. जबाब वाचून किंवा वाचून घेऊनच सही करावी.

आणखी एक गोष्ट तक्रारीआधीच विचारायला हवी: ‘ताई, आज रात्री झोपणार कुठं?’ तक्रार दिली की नवऱ्याला लगेच अटक होते, हा गैरसमज आहे. अटक खरंच गरजेची आहे का, हे पोलिसांनी तपासलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये बजावलं. म्हणजे तक्रार करून बाई त्याच घरी परतली, तर धोका वाढलेला असतो.

अनेकींना नवरा तुरुंगात नको असतो. मार थांबावा, डोक्यावर छप्पर राहावं, पोरांची फी भरली जावी, एवढंच हवं असतं. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. मारहाणीला मनाई, घरात राहण्याचा हक्क, खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिथं राहण्याचा हक्क मागता येतो, असा निकाल २०२० मध्ये आला. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून अंतरिम आदेश पहिल्याच अर्जात मागावा.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नये. कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यांचा क्रमांक १५१००. तातडीच्या वेळी ११२, महिलांसाठी १८१. १९८४ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकारानं पोलिसांसोबत सुरू झालेले महिला व बालकांसाठीचे विशेष कक्षही मदत करतात.

सोबत जाणाऱ्यानं शेजारी बसावं, तिच्या वतीनं बोलू नये. तक्रार द्यायची की नाही, हे तिचं तिला ठरवू द्यावं. आणि शेजारच्या घरातून रोज आवाज येत असेल, तर संरक्षण अधिकाऱ्यांना कोणीही कळवू शकतं. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कायद्यानं कुठलीही जबाबदारी येत नाही.