भादली बुद्रुकचा उमेदवारी अर्ज

लोकशाहीत नागरिकास मत देण्याचा जसा हक्क आहे, तसाच निवडणुकीस उभे राहण्याचाही आहे. हा दुसरा हक्क मिळविण्यासाठी आपल्या जळगाव तालुक्यातील एका तृतीयपंथी व्यक्तीस उच्च न्यायालयात जावे लागले. ती हकिकत खान्देशातील प्रत्येकास ठाऊक असावयास हवी.

जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान भादली बुद्रुक हे गाव आहे. तेथील अंजली पाटील ऊर्फ अंजली गुरू संजना जान यांनी ग्रामपंचायत निवडणुकीत सर्वसाधारण महिला राखीव जागेसाठी अर्ज भरला. ३१ डिसेंबर २०२० रोजी तो नामंजूर झाला. कारण असे देण्यात आले की, अर्जदार तृतीयपंथी असून जागा महिलांसाठी राखीव आहे व तृतीयपंथीयांसाठी वेगळी राखीव जागा नाही. म्हणजे पुरुष म्हणून उभे राहावे तर मन मानत नाही, स्त्री म्हणून राहावे तर कार्यालय मानत नाही. मग अशा नागरिकाने जावे कोठे?

अंजलीताईंनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागितली. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी नामंजुरीचा आदेश रद्द करून त्यांना महिला राखीव जागेवर लढण्यास परवानगी दिली. आपण आयुष्यभरासाठी स्त्री ही ओळख स्वीकारली आहे, सोयीसाठी ती बदलणार नाही, हे त्यांचे म्हणणे न्यायालयाने नोंदवून घेतले. १५ जानेवारीस मतदान झाले आणि गावकऱ्यांनी त्यांना निवडून दिले.

या निकालाचे महत्त्व समजण्यासाठी शेजारच्या मध्य प्रदेशकडे पाहावे. कटनी शहराच्या महापौरपदी कमला जान या तृतीयपंथी निवडून आल्या होत्या. परंतु पद महिलांसाठी राखीव असून त्या कायद्याने पुरुष ठरतात, या कारणाने त्यांची निवड रद्द झाली व २००३ मध्ये तेथील उच्च न्यायालयानेही तेच कायम केले. प्रश्न तोच, उत्तर मात्र उलट.

मधल्या काळात काय बदलले? १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्याचा निकाल दिला. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही त्यात आपल्या समाजाची बाजू मांडली होती. आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी, हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्यास आहे, असे न्यायालयाने संविधानातील समता, स्वातंत्र्य व जीविताच्या हक्कांच्या आधारे सांगितले. पुढे २०१९ च्या कायद्याने स्वतःची लिंगओळख मान्य केली. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१५ मध्ये परिपत्रक पाठवून अर्जांत 'तृतीयपंथी' हा रकाना ठेवण्यास सांगितले. खिडकीवर बसणाऱ्या आमच्यासारख्यांना तो एक रकाना वाटतो. पण समोरच्या व्यक्तीस त्याविना खोटे लिहावे लागत होते.

येथे एक फरक ध्यानी घ्यावा. तृतीयपंथी असणे हा स्वतःच्या ओळखीचा प्रश्न आहे. समलिंगी असणे हा कोणाविषयी प्रेम वाटते याचा. प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारा कलम ३७७ चा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. समलिंगी विवाहास मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्यता मिळाली नाही.

हा विषय आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. त्यांनी १९३४ साल आठवावे. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेणारे बॅरिस्टर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लोकांना नकोशा वाटणाऱ्या विषयावरही बाबासाहेबांनी अंग चोरले नाही.

न्यायालय अर्ज मंजूर करू शकते. घरात जागा, भाड्याने खोली आणि नोकरी देणे समाजाच्या हाती असते. बाजार मागण्यासाठी दुकानापुढे उभी राहणारी व्यक्ती बहुधा कोणाच्या तरी घरातून हाकलली गेलेली असते. भादलीच्या मतदारांनी आपले काम केले. आपल्या वस्तीत असे मूल दिसल्यास त्यास शाळेत टिकवावे, घराबाहेर काढू नये, एवढे तरी आपण करूया.