शुक्ल पक्षातील जागरण

केळापूर तालुक्यातील एखाद्या कोलाम पोडालगत (आदिवासी वस्तीलगत), रानडुकरांपासून ज्वारी राखावी म्हणून मचाणावर जागल करणाऱ्या शेतकऱ्यास शुक्ल पक्षाचे महत्त्व सांगावे लागत नाही; कारण त्या पंधरवड्यात चंद्र सूर्यास्तालाच आकाशात हजर असतो आणि संध्याकाळच्या उजेडास जणू मुदतवाढ मिळते. वद्य पक्षात मात्र चंद्रोदय दररोज सरासरी ५० मिनिटे लांबत जाऊन, तो होईतो गाव निजलेले असते. अर्जेंटिनातील तोबा जमातीची निद्रा मनगटी यंत्रांनी मोजून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, पौर्णिमेपूर्वीच्या ३ ते ५ रात्री माणसे उशिरा निजतात व कमी झोपतात, असे आढळले. परंतु विजेने झगमगणाऱ्या सिअ‍ॅटलच्या विद्यार्थ्यांतही तोच क्रम दिसल्याने, निव्वळ चांदण्यावर ठेवलेल्या आरोपाचा निकाल तूर्त तहकूबच आहे.