टॉम विल्स : दोन मैदानांचा खेळाडू

क्रिकेटचे वेड आपल्याला काही कमी नाही. तरीही टॉम विल्स हे नाव इथे फारसे कोणी ऐकले नसेल. मेलबर्नच्या विख्यात क्रिकेट मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा आहे. पण त्यात तो बॅट घेतलेला नाही, फुटबॉलचा पंच म्हणून उभा आहे.

टॉमचा जन्म १८३५ सालचा. बाप होरेशियो मेंढ्यांचे मोठे कळप बाळगणारा मातबर जमीनदार. तो व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागात जाऊन राहिला. तिथे गोऱ्यांची वस्ती तुरळक असल्याने लहानग्या टॉमचे सवंगडी म्हणजे जाब वुरुंग आदिवासींची पोरे. त्यांची बोली तो बोलू लागला. ही गोष्ट ध्यानात असू द्यावी. पुढे त्याला इंग्लंडात रग्बीच्या शाळेत धाडले. अभ्यास यथातथाच, क्रिकेटमध्ये मात्र शाळेचा कप्तान.

१८५६ च्या अखेरीस तो परतला. ऑस्ट्रेलियात जुलै म्हणजे ऐन थंडी. क्रिकेटपटूंनी त्या काळात सुस्तावून जाऊ नये म्हणून फुटबॉलचा संघ काढावा, असे पत्र त्याने जुलै १८५८ मध्ये एका क्रीडापत्राला लिहिले. महिन्याभरातच दोन शाळांचा सामना झाला. प्रत्येक बाजूला चाळीस-चाळीस मुले, खेळ तीन निरनिराळ्या दिवशी चालला, निकाल बरोबरीचा! टॉम पंचांपैकी एक होता. पुढल्या वर्षी मे महिन्यात त्याच्यासह चौघांनी बसून नियम कागदावर उतरवले. रग्बीची गुंतागुंत त्याच्या सोबत्यांना नको होती. प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथा मारणेही निषिद्ध ठरले. आजचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल त्या कागदातून वाढला.

१८६१ मध्ये तो बापाबरोबर क्वीन्सलंडमध्ये नवा मळा वसवायला गेला. १७ ऑक्टोबर रोजी गयिरी आदिवासींनी तेथील छावणीवर हल्ला केला. होरेशियोसह एकोणीस माणसे मारली गेली. टॉम सामान आणायला बाहेर गेल्यामुळे वाचला. शेजारच्या एका मळेवाल्याने आधी आदिवासींवर गोळ्या झाडल्या होत्या, त्याचाच हा बदला होता, असे मानतात. त्यावर गोऱ्यांनी जो सूड उगवला, त्यात शेकडो आदिवासी ठार झाले. त्या हत्याकांडात टॉमनेही भाग घेतल्याचे सांगणारा १८९५ सालचा एक निनावी अमेरिकन लेख २०२१ मध्ये उजेडात आला आहे. त्यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

आणि आता चमत्कारिक गोष्ट पाहा. बापाच्या मृत्यूला जेमतेम पाच वर्षे झाली असताना, १८६६ मध्ये हाच टॉम पश्चिम व्हिक्टोरियातील आदिवासी क्रिकेटपटूंचा शिक्षक आणि कप्तान झाला! लहानपणची ती बोली इथे कामी आली म्हणतात. २६ डिसेंबर रोजी मेलबर्नच्या मैदानावर त्याने त्यांना खेळवले. पाहायला हजारोंची गर्दी लोटली. संघात जॉनी मुलाघसारखा अव्वल खेळाडू होता. त्याच खेळाडूंपैकी काही जण १८६८ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. मुंबईचा पारशी संघ इंग्लंडला गेला तो १८८६ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनंतर. टॉम मात्र त्या बोटीवर नव्हता. कप्तान म्हणून चार्ल्स लॉरेन्स गेला.

हा प्रायश्चित्ताचा प्रयत्न होता की पोटाची सोय, यावर पुष्कळ लिहिले गेले. माझ्या मते दोन्हींचा थोडाथोडा अंश असावा. माणूस एकाच कारणाने वागतो असे थोडेच आहे!

उतरणीला दारू साथीला होती. मे १८८० मध्ये, भ्रम झालेल्या अवस्थेत, त्याने कात्री छातीत खुपसून जीव दिला. वय चव्वेचाळीस. थडग्यावर शंभर वर्षे नावाचा दगडही नव्हता. तो १९८० मध्ये बसवला गेला.