शहरांचे स्वभाव (लेखांक ६) : कॉट, मेस आणि करंडक

मागच्या आठवड्यात आपण बंदराच्या गावाचा स्वभाव पाहिला. बंदराचं गाव जहाजाची वाट बघतं, विद्यार्थ्यांचं गाव जूनची. पुण्याच्या सदाशिव पेठेत पावसाच्या आगेमागे खांबाखांबावर चिठ्ठ्या दिसू लागतात : 'कॉट बेसिसवर जागा मिळेल. फक्त मुलांसाठी.'

ही वर्दळ जुनी आहे. १८२१ साली विश्रामबागवाड्यात पाठशाळा निघाली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. १८८५ साली फर्ग्युसन आलं, १९४९ मध्ये विद्यापीठ. कोकणातून, देशावरून आलेला गरीब मुलगा तेव्हा वार लावून जेवायचा : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्याहून अडचणीतला माधुकरी मागायचा. त्यात ओशाळेपण होतंच; पण परगावच्या पोराच्या पोटाची थोडी जबाबदारी आपली, हे गावाच्या अंगवळणी पडलं ते तेव्हापासून.

आता वाराच्या जागी मेस आली. महिन्याचे पैसे आगाऊ, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी सुट्टी. या साऱ्या व्यवहाराची किल्ली एकच : गिऱ्हाईक हजारोंनी आहे, पण प्रत्येकाचा खिसा हलका. म्हणून मेसवाला चार पैसे कमी घेतो आणि पंगती जास्त उठवतो. त्याच्याकडे मग एकटे राहणारे पेन्शनर आजोबाही डबा लावतात. अप्पा बळवंत चौकातही हेच गणित. तिथलं जुनं पुस्तक उघडा : आधीच्या मालकानं पेन्सिलीनं अधोरेखित केलेल्या ओळी, कडेला 'हमखास' असा शेरा, आणि चौथ्या प्रकरणानंतर पानं कोरी करकरीत. मालकाचा अभ्यास कुठे थांबला तेही कळतं. परीक्षा संपली की पुस्तक परत त्याच चौकात.

पोटापलीकडचंही काही मिळतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ऐकायला कुठल्या कॉलेजात नाव असावं लागत नाही. १९६३ पासून चालणाऱ्या पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात 'अरे, आव्वाज कुणाचा?' घुमतं, तेव्हा साठीच्या प्रेक्षकाच्याही अंगावर काटा येतो. पंचवीस वर्षांपूर्वी त्यानं पाहिलेल्या मुलांचं वय आणि आजच्या मुलांचं वय तेच. म्हातारा होतो तो फक्त प्रेक्षक.

याची किंमतही आहे. कॉटमागे पैसे मिळू लागले की बिऱ्हाडकरू कुटुंबाला जागा द्यायला मालक नाखूश असतो. रात्री दीड वाजता गल्लीत वाढदिवसाचा केक कापला जातो, आणि दिवाळीत पोरं गावी गेली की मेसला कुलूप लागून आजोबांचा डबा अडतो.

तरी हिशेब जमेचाच. शहर ज्या सोयी पोरांसाठी उभारतं, त्या थोरांना आपोआप मिळतात. तेव्हा खांबावरची चिठ्ठी वाचत कुणी पोर पाठीवर सॅक घेऊन उभं दिसलं, तर पत्ता नीट सांगा. तुमचं शहर त्याच्याच खर्चानं तरुण राहिलं आहे.