वेब होस्टिंगचा धंदा : आधी अटी लिहा, मग पैसे घ्या

आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीचा व्यवहार उचलीवर चालतो. मुकादम उचल आणतो, टोळी बांधतो, आणि बऱ्याच गोष्टी तोंडीच ठरतात. हंगाम संपल्यावर हिशोब बसला नाही की भांडण उभे राहते, आणि दाखवायला कोणाकडेच कागद नसतो. तोंडी व्यवहाराचे हे दुखणे नव्या धंद्यांतही शिरू नये, म्हणून आज आम्ही वेब होस्टिंगच्या सेवा-अटींविषयी लिहीत आहोत. बीड, अंबाजोगाई, परळी किंवा माजलगावात बसून हा धंदा आज थोड्या भांडवलात सुरू करता येतो. पण पहिला ग्राहक येण्यापूर्वी अटी लिहिलेल्या असल्या पाहिजेत.

धंदा नेमका काय आहे

वेबसाइट म्हणजे दुकान मानले, तर होस्टिंग म्हणजे त्यासाठी भाड्याने दिलेला गाळा आणि डोमेन म्हणजे दुकानावरची पाटी. लहान होस्टिंगवाल्याचा स्वतःचा सर्व्हर बहुधा नसतो. तो मोठ्या कंपनीकडून जागा घाऊक भावाने घेतो आणि किरकोळीने विकतो. म्हणजे तो स्वतःच भाडेकरू असतो. यातून पहिला नियम निघतो : वरच्या कंपनीने आपल्याला जे दिलेले नाही, त्याचे वचन आपण खाली देऊ नये. तिच्या अटी आधी नीट वाचाव्यात, मगच आपल्या लिहाव्यात.

कायदा काय सांगतो

करार कागदावरच हवा असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १०-अ नुसार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेला करार केवळ त्या कारणाने अमान्य ठरत नाही. मात्र ग्राहकाने अटी पाहून संमती दिली, याचा पुरावा आपल्याजवळ हवा. संमतीची तारीख, वेळ आणि त्या दिवशी लागू असलेला अटींचा मसुदा जपून ठेवावा.

याच कायद्याने होस्टिंग देणाऱ्यास ‘मध्यस्थ’ मानले आहे. ग्राहकाने साइटवर टाकलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थाला कलम ७९ खाली संरक्षण मिळते, पण ते आपोआप मिळत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याने सेवा-अटी व गोपनीयतेचे धोरण प्रसिद्ध करावे लागते आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क द्यावा लागतो. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने या अटी इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत, ग्राहकाच्या पसंतीप्रमाणे, देण्याचे सांगितले. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा मराठी मसुदा ही मेहेरबानी नव्हे. तक्रार निकाली काढण्याच्या व मजकूर हटवण्याच्या मुदती वेळोवेळी बदलल्या आहेत, म्हणून अटींत त्या घालताना ताजे नियम पाहूनच घालाव्यात.

पाटी कोणाच्या नावावर?

या धंद्यातले कडू भांडण डोमेनवरून होते. होस्टिंगवाला सोयीसाठी डोमेन स्वतःच्या नावावर नोंदवतो. दोन वर्षांनी ग्राहक दुसरीकडे जायला निघाला की पाटी अडकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असे म्हटले. म्हणजे ती दुकानदाराची कमावलेली पत आहे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. उद्या एखाद्या बागाईतदाराने त्या नावाने साइट काढली, देशभरचे ग्राहक जोडले आणि ऐन हंगामात पाटी दुसऱ्याच्या हातात गेली, तर नुकसान कोणाचे?

म्हणून अटींत स्पष्ट लिहावे : “डोमेन ग्राहकाच्या नावावर नोंदवले जाईल. बाकी रक्कम चुकती केल्यावर, मागणी येताच ठरलेल्या दिवसांत हस्तांतराचा कोड दिला जाईल.” दुसऱ्याची अमानत अडवून कोणाचाही धंदा टिकत नाही.

‘कायम चालू’ म्हणजे किती?

जाहिरातीत ‘९९.९ टक्के चालू’ असे छापणे सोपे आहे. त्याचा हिशोब करून पाहावा. तीस दिवसांत ४३,२०० मिनिटे असतात. ९९.९ टक्क्यांचे वचन म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटांची सूट. ९९ टक्के म्हटले तर सात तासांहून थोडे अधिक. वरची कंपनी ९९.५ देत असेल, तर आपण ९९.९ लिहिणे म्हणजे स्वतःच्या खिशातून भरपाई कबूल करणे होय. वचन मोडल्यास काय देणार तेही लिहावे, उदाहरणार्थ पुढील महिन्याच्या भाड्यातून ठरावीक टक्के वजावट.

आपल्या हाताबाहेरची कारणे वेगळी मांडावीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद ठेवले गेले. अशा वेळी मुंबईतल्या सर्व्हरवरची साइट चालूच असते, पण गेवराईच्या गिऱ्हाइकाला ती उघडत नाही. सर्व्हर बंद पडणे आणि ग्राहकाकडचे इंटरनेट बंद असणे, यांतला फरक अटींत एका वाक्यात लिहून ठेवला की वाद टळतो.

बॅकअपची जबाबदारी

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि अनेकांच्या साइट्स गेल्या. पुढे २०२३ मध्ये फ्रान्समधील व्यापारी न्यायालयाने एका ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. बॅकअपचे पैसे घेऊन ते मूळ सर्व्हरच्याच जागी ठेवले होते, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. यातून धडा घ्यावा. बॅकअप किती दिवसांनी घेतला जातो, कोठे ठेवला जातो, किती दिवस राहतो आणि परत देण्याचे वेगळे पैसे लागतात का, ही चारही उत्तरे लिहावीत. बॅकअप देत नसाल तर तेही ठळक लिहावे.

साइट केव्हा बंद करणार?

फसवणूक, व्हायरस, स्पॅम व बेकायदा मजकूर यांना मनाई असतेच. प्रश्न हा की तक्रार येताच साइट बंद करायची काय? सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सांगितले की, मजकूर काढण्याचे बंधन न्यायालयाच्या आदेशाने किंवा शासनाच्या अधिसूचनेने येते. कोणी फोनवरून दम दिला म्हणून एखाद्या पत्रकाराची साइट झाकण्याची गरज नाही. भाडे थकल्यास मात्र टप्पे ठरवावेत : आधी सूचना, मग सवलतीचे दिवस, मग तात्पुरते बंद, आणि शेवटी मुदत देऊनच डेटा पुसणे.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची खबर सहा तासांत द्यावी लागते, आणि व्हर्च्युअल सर्व्हर देणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपावी लागते. ही माहिती का घेतली जाते, हे ग्राहकाला अटींतच सांगावे.

नक्कल करू नका

परदेशी कंपनीच्या अटी उचलून नाव बदलणे, ही आमच्या मते मोठी चूक ठरेल. त्यात ‘वाद टेक्ससच्या न्यायालयात’ असे वाक्य राहून जाते. करार कायदा, १८७२ च्या कलम २८ नुसार न्यायालयाचा मार्ग पूर्ण बंद करणारी अट निरर्थक असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अन्यायकारक करारा’लाही आव्हान देता येते, आणि सेवेतील त्रुटीची तक्रार ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यात करू शकतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी सेवा घेणारा लहान दुकानदारही तेथे ग्राहक धरला जातो. तेव्हा ‘आम्ही कशालाही जबाबदार नाही’ असे लिहून सुटका होत नाही. त्यापेक्षा जबाबदारीची वाजवी मर्यादा लिहावी.

शेवटी भाव, जीएसटी धरून की वगळून, आणि दुसऱ्या वर्षीचा दर पहिल्याच पानावर द्यावा. मसुदा एकदा वकिलाला दाखवावा, आणि एकदा सुभाष रोडवरच्या एखाद्या दुकानदारालाही वाचून दाखवावा. वकिलाला तो पटला पण दुकानदाराला कळला नाही, तर तो पुन्हा लिहावा. समजून केलेली सहीच अडचणीच्या दिवशी दोघांच्या कामी येते.